वेताळाच्या वहाणा

मराठीत गेल्या काही दशकांत स्मरणरंजनपर लेखनाचा एक ठाशीव आकृतिबंध तयार झाला आहे. त्यात मे महिन्याची सुट्टी असते, दुपारी आडवी झालेली वडीलधारी माणसे असतात, रद्दीच्या दुकानातून किंवा गल्लीतल्या वाचनालयातून थोड्या पैशांत घरी आणलेली इंद्रजाल कॉमिक्स असतात, आणि मग नावांची माळ ओवली जाते : वेताळ, मॅन्ड्रेक, लोथार, गुरान, डायना. माळ संपली की लेख संपतो. वाचणाराही आपल्या आठवणीतले एखादे नाव त्यात आहे की नाही एवढे पाहून समाधान पावतो. या लेखनात प्रेम खरे असते, पण ज्या वस्तूवर ते जडले आहे ती वस्तू मात्र कधीच उघडून पाहिली जात नाही. समीक्षेनेही तिच्याकडे पाठ फिरवली आहे. ती भाषांतरित, ती चित्रांची आणि वर मुलांसाठी. म्हणजे दुर्लक्षाची तीन कारणे एकाच जागी. ज्या संहितांनी एका सबंध पिढीच्या कल्पनाशक्तीला पहिले वळण दिले, त्यांचे वाचन करणे समीक्षेच्या प्रतिष्ठेला बाधक का ठरावे, हे मात्र कळत नाही.

वस्तुतः अद्भुताचा विचार मराठी समीक्षेला परका नाही. ‘मुक्तामाला’ १८६१ साली आली आणि तिच्यापाठोपाठ अद्भुतरम्य कादंबऱ्यांची रीघ लागली. वि. का. राजवाडे यांनी १९०२ सालच्या ‘कादंबरी’ या निबंधात अद्भुत आणि वास्तव या दोन्हींचा विचार केला. पुढे बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड आले, तेव्हा त्यांचा वाचकवर्ग अफाट होता आणि समीक्षा गप्प होती. वेताळ आला तो या गप्पपणाच्या काळातच. तेव्हा त्याची दखल घेतली गेली नाही यात नवल नाही. आज त्याच्याविषयी जे लिहिले जाते ते दखलीऐवजी हळहळीच्या स्वरूपाचे असते, ही खरी अडचण आहे.

मूळ वस्तूविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३४ साली मॅन्ड्रेक आणि १९३६ साली फँटम या चित्रमालिका वृत्तपत्रांसाठी निर्माण केल्या. बेनेट, कोलमन आणि कंपनीने, म्हणजे टाइम्स ऑफ इंडियाच्या चालकांनी, १९६४ साली इंद्रजाल कॉमिक्स सुरू केली. तिच्या उभारणीशी अनंत पै यांचा संबंध होता आणि तेथून बाहेर पडून त्यांनी १९६७ साली अमर चित्र कथेचा मार्ग धरला. इंद्रजालचे प्रारंभीचे अंक फँटमचेच होते. मराठीसह अनेक भारतीय भाषांत ती निघत राहिली आणि १९९० साली बंद पडली. सव्वीस वर्षे, आठशेहून अधिक अंक. एवढा काळ टिकून राहणे मराठी वाङ्मयीन नियतकालिकांपैकी फार थोड्यांना जमले आहे.

या चित्रमालिकेचे भारतीयीकरण होताना जे फेरफार झाले ते बोलके आहेत. मूळ कथेत फँटमचा प्रदेश बंगालच्या नावाशी मिळताजुळता होता. तो येथे ‘डेंकाली’ झाला. पहिल्या फँटमच्या बापाला मारणारे चाचे मुळात ‘सिंग’ नावाचे, ते ‘सिंगा’ झाले. विसाव्या फँटमचा खुनी मुळात ‘रामा’, तो ‘रामालू’ झाला. या दुरुस्त्यांमागची धास्ती समजण्याजोगी आहे. भारतीय मुलाच्या हाती अशी कथा देणे, की जिच्यात समुद्री लुटारूंचे आडनाव सिंग आणि खुन्याचे नाव रामा, हे कोणत्याही प्रकाशकाला अवघड वाटले असते. पण या तीन शब्दांनी एक मोठे काम गुपचूप उरकले. फॉकच्या मूळ कल्पनेत पौर्वात्य देश हा दुष्टांचा आणि भोळ्यांचा देश होता. आणि ‘पौर्वात्य’ या शब्दात वाचणारे मूलही मोडत होते. नावे बदलताच ते मूल त्या नकाशातून बाहेर काढले गेले. डेंकाली कुठेतरी दूर, आफ्रिकेत वगैरे. तेथले काळे लोक म्हणजे दुसरे कोणीतरी. भिवंडीच्या किंवा भोरच्या मुलाला गुरानशी नाते जोडण्याचे कारणच उरले नाही. ते सरळ घोड्यावर बसलेल्या माणसाच्या मागे जाऊन बसले.

आणि तरीही याच भाषांतराने एक उलटी गोष्ट केली. त्याने फँटमला ‘वेताळ’ म्हटले.

हा शब्द कोणी सुचवला हे येथे महत्त्वाचे नाही. भाषांतरकाराला बहुधा भुताला प्रतिशब्द हवा होता आणि भूत, पिशाच्च, समंध, मुंजा या यादीतला त्यातल्या त्यात भारदस्त शब्द त्याने उचलला. पण शब्द उचलला की त्याच्याबरोबर त्याचे घरही येते. मराठीत वेताळ हा सुटा शब्द नाही. तो भुतांचा अधिपती आहे. अमावास्येच्या रात्री त्याची पालखी निघते, आणि ती ज्याच्या वाटेत येते त्याने खाली मान घालायची असते. पुण्यात त्याच्या नावाची टेकडी आहे. गोव्यात आमोण्याला आणि पैंगीणीला तो ग्रामदैवत म्हणून उभा आहे. आणि वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीत, जयवंत दळवींच्या गावी, त्याला वेतोबा म्हणतात. तेथे भाविक त्याला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या प्रचंड वहाणा वाहतात. देव रात्री गावाच्या सीमेवरून फिरतो, त्यामुळे वहाणा झिजतात आणि नव्या द्याव्या लागतात, अशी श्रद्धा आहे.

इंग्रजीत फँटमचे बिरुद ‘चालणारे भूत’ असे होते. फॉकला त्यातून एवढेच सुचवायचे होते की हा मरत नाही. मराठी नावाने मात्र त्या चालण्याला एक काम दिले. वेतोबा चालतो तो राखण करण्यासाठी. तो क्षेत्रपाल आहे. त्याच्या फिरण्याने गावाची हद्द रोज रात्री नव्याने आखली जाते. म्हणजे ज्या भाषांतरकाराला केवळ एक भयप्रद नाव हवे होते, त्याच्या हाती नकळत एक सबंध दैवतकल्पना लागली, आणि ती परक्या नायकावर अशी चपखल बसली की पुष्कळ मुलांना त्याचे मूळ नाव फँटम आहे हे पुढे केव्हातरी कळले. मराठीतल्या भाषांतराच्या चर्चेत शेक्सपिअरच्या नाटकांना मिळालेल्या मराठी नावांचे कौतुक पुष्कळ झाले आहे. या एका नावाचे कोणी केल्याचे दिसत नाही.

परंतु त्या पिढीच्या मुलाच्या घरी आणखी एक वेताळ येत असे. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी १९४७ साली तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू केलेले ‘चंदामामा’ १९५२ साली ‘चांदोबा’ म्हणून मराठीत आले. त्यातली विक्रम-वेताळाची कथा कधी संपलीच नाही. मूळ पंचविशी संपल्यावर त्याच चौकटीत नव्या कथा बसवल्या गेल्या, आणि शंकर या चित्रकाराचे ते चित्र, म्हणजे खांद्यावर प्रेत घेऊन तलवार उपसलेला राजा, महिन्यामागून महिने तसेच येत राहिले. मराठी मुद्रणाच्या पहिल्या काही दशकांतच सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘वेताळपंचविशी’ छापली गेली होती. तेव्हा या वेताळाचे मराठीतले वय कोणत्याही कादंबरीपेक्षा जास्त आहे. १९८५ साली तो दूरदर्शनवरही आला.

या दोन वेताळांची तुलना स्मरणरंजनकारांनी केलेली नाही, कारण दोघे त्यांच्या आठवणीत एकाच कपाटात शेजारी शेजारी असतात. वास्तविक ते परस्परविरोधी आहेत. चांदोबातला वेताळ प्रश्न विचारतो. उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला तर त्याचे डोके फुटेल. उत्तर दिले तर मौन मोडेल आणि वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लटकेल. म्हणजे येथे न्याय करणे हे कष्टाचे, पुन्हा पुन्हा करायचे आणि ज्याचे फळ हाती राहत नाही असे काम आहे. कोणता नवरा खरा, कोणाचा त्याग मोठा, हे प्रश्न असे असतात की वाचणाऱ्या मुलाला राजाचे उत्तर नेहमीच पटते असे नाही. घरात त्यावर वाद होत. इंद्रजालमधला वेताळ कधीही प्रश्न विचारत नाही. त्याने चारशे वर्षांपूर्वी बापाच्या खुन्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली आहे. काय करायचे ते तेव्हाच ठरले. दुष्ट कोण हे पहिल्या पानावरच्या दाढीवरून समजते, आणि शेवटी त्याच्या जबड्यावर कवटीचा ठसा उमटतो. एक साहित्य प्रश्नाचे, दुसरे शपथेचे. मुलांना दोन्ही हवे असते, आणि त्यात वावगे काही नाही. मोठेपणी मात्र आठवण मुख्यतः शपथेचीच निघते.

येथे आरिएल डॉर्फमन आणि आर्मां मातेलार यांच्या विवेचनाची आठवण होणे स्वाभाविक आहे. या दोघांनी १९७१ साली चिलीमध्ये डोनाल्ड डकच्या चित्रकथांचे वाचन केले आणि त्या निरागस दिसणाऱ्या बदकाच्या पंखांखाली वसाहतवादी अर्थव्यवस्था कशी बसली आहे ते दाखवले. फँटमच्या बाबतीत तर एवढे खोलात जाण्याचीही गरज नाही. सारे वरच आहे. गोरा माणूस, काळे जंगल, वंशपरंपरेने चालत आलेली एकवीस पिढ्यांची सत्ता, आणि बुटक्या जमातीचा स्वामिनिष्ठ नायक. पुढे फॉकनेही काळ ओळखून थोडी सुधारणा केली. लामांडा लुआगा नावाचा निवडून आलेला कृष्णवर्णीय अध्यक्ष कथेत आला. डायना संयुक्त राष्ट्रसंघात काम करू लागली. १९७७ साली दोघांचे लग्नही झाले. पण अध्यक्ष राजधानीत आणि कवटीची गुहा घनदाट जंगलात, ही व्यवस्था तशीच राहिली. निवडून आलेला माणूस संकटात सापडतो आणि न निवडलेला त्याला सोडवतो.

तरी डॉर्फमन-मातेलार यांचे वाचन जसेच्या तसे मराठीवर आणून बसवणे पुरेसे नाही, आणि त्याचे कारण तो ‘वेताळ’ हा शब्दच आहे. नावाने त्या नायकाचा गोरेपणा पुसट केला. वेताळ हा जातीने, वर्णाने कोण, असा प्रश्न मराठी मनाला पडत नाही. तो देवळाबाहेरचा, सीमेवरचा, बहुजनांचा देव आहे. त्यामुळे वसाहतीचा राजा मराठीत ग्रामदैवताच्या वेशात शिरला. याकडे दोन्ही बाजूंनी पाहता येते. देशीवादी समीक्षक म्हणेल की भाषेने परक्याला पचवले. दुसरा म्हणेल की परक्याने भाषेतला सर्वांत विश्वासाचा मुखवटा चोरला. दुसरे मत सत्याच्या अधिक जवळ जाते असे दिसते, कारण पचवण्याच्या क्रियेत ज्याला पचवले त्याचे काही तरी मोडावे लागते, आणि येथे फँटमचे काहीही मोडलेले नाही. मोडले असेल तर वेताळाचे. त्याच्या वहाणा काढून घेऊन त्याला बूट घातले गेले.

या कथांच्या आस्वादातली एक खास गोष्ट अजून सांगायची राहिली. डेंकालीतले लोक समजतात की वेताळ अमर आहे. वाचणाऱ्या मुलाला माहीत असते की तो एकविसावा आहे. बाप मेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो. सबंध जंगलाला जे ठाऊक नाही ते दहा वर्षांच्या पोराला ठाऊक असते. हे गुपित हेच या मालिकेचे खरे सुख आहे. दोन मुले एकमेकांना वेताळाच्या कथा सांगतात तेव्हा ती कथानकापेक्षा त्या जगाच्या नियमांविषयी बोलत असतात : चांगल्याची खूण कोणत्या हाताच्या अंगठीवर, वाईटाची कोणत्या; गस्ती दलाला आपला सेनापती कोण हे कसे माहीत नसते. आज ज्यांना परदेशी महानायकांच्या विश्वाचे तपशील तोंडपाठ असतात त्या तरुणांची जमात येथूनच सुरू होते. ही विद्वत्ता हसण्यावारी नेण्यासारखी नाही. वैयाकरणाच्या आणि पाठभेद जुळवणाऱ्या संशोधकाच्या वृत्तीशी तिचे जवळचे नाते आहे. पण या सुखाची किंमतही पाहिली पाहिजे. फसवणाऱ्याच्या बाजूने गुपित राखताना फसणाऱ्या लोकांविषयी मनात एक हलके, प्रेमळ तुच्छत्व तयार होते. बिचाऱ्यांना ठाऊक नाही; आणि नाही हेच बरे, नाही तर जंगलात शांतता कशी राहील?

शांतता हा या सबंध मालिकेचा परवलीचा शब्द आहे. आणि तो वाचण्यासाठी पुण्याच्या पेठा आणि दादर सोडून भिवंडीला जाणे उपयोगाचे ठरते.

स्मरणरंजनपर लेखांतला ‘आपण सगळे’ हा सर्वनामाचा प्रयोग तपासून घ्यावा असा आहे. आपण सगळे इंद्रजाल वाचत होतो. हे सगळे म्हणजे कोण? भिवंडी हे मुख्य लोकलमार्गापासून बाजूला पडलेले, यंत्रमागांचे शहर. तेथे उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, मूळचे कोकणी मुसलमान, भोवतालच्या खेड्यांतले आगरी, कुणबी, कोळी आणि वारली, हे सारे एकाच खडखडाटात राहत आले. मागाला लागणाऱ्या कांड्या भरण्याचे काम बायका आणि मुले करीत. अशा गावात बालपणीचे वाचन एका भाषेत मावत नाही. उर्दू वाचणाऱ्या घरासाठी दिल्लीहून निघणारे ‘खिलौना’ होते आणि मोठ्यांसाठी, म्हणजे मुलांनी चोरून वाचण्यासाठी, इब्ने सफी यांची ‘जासूसी दुनिया’ होती. तेलुगू घराला ‘चंदामामा’ तर त्याच्या पहिल्या भाषेतच उपलब्ध होते. मराठी घराला चांदोबा आणि इंद्रजाल. चार भाषा, तीन लिप्या, आणि वेताळ त्यांतल्या एका लिपीपुरता. चित्राला लिपी लागत नाही हे खरे, आणि गुद्दा कोणत्याही भाषेत गुद्दाच असतो. पण ‘वेताळ’ या शब्दाने जी जादू मराठी मुलावर केली ती शेजारच्या उर्दू वाचणाऱ्या मुलासाठी असण्याचे कारण नव्हते. तेव्हा ‘आपण सगळे’ म्हणताना मराठी लेखक ज्या बालपणाविषयी बोलतो ते पुष्कळच छोट्या वर्तुळातले बालपण आहे, आणि त्या वर्तुळाच्या बाहेर कांडी भरत बसलेले मूल त्याच्या आठवणीत कोठेही येत नाही.

भिवंडीत मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दंगल उसळली. तिच्या आणि तिच्यामागोमाग जळगाव व महाड येथे झालेल्या दंगलींच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन आयोग नेमला गेला. मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. ही दोन्ही वर्षे इंद्रजालच्या आयुष्यात मोडतात. ज्या काळात अंकामागून अंक डेंकालीतल्या दोन टोळ्या भाले घेऊन समोरासमोर येत आणि पांढऱ्या घोड्यावरचा मुखवटाधारी मध्ये उभा राहताच भाले खाली टाकीत, त्याच काळात भिवंडीच्या रस्त्यांवर मध्ये उभे राहणारे कोणी नव्हते. साहित्याकडून दंगली थांबवण्याची अपेक्षा करणे हा बालिशपणा होईल. प्रश्न एवढाच की शांततेचे कोणते चित्र मुलांच्या मनात घातले जात होते. डेंकालीतल्या शांततेला दोन टोळ्यांनी एकमेकांशी बोलण्याची गरज नसते. त्यांचे भांडण कशावरून, जमिनीवरून की पाण्यावरून, हेही धड सांगितले जात नाही. दोघांनाही तिसऱ्याची भीती वाटते, आणि ती भीती म्हणजे शांतता. हे चित्र डेंकालीपुरते राहत नाही. दंगलग्रस्त शहराविषयी मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत जे बोलले जाते, की कोणीतरी खमका माणूस यायला हवा, त्यात हेच चित्र असते.

भिवंडीत प्रत्यक्षात जे घडले ते याच्या अगदी निराळे आहे. १९८८ साली सुरेश खोपडे तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. वस्तीवस्तीतली हिंदू आणि मुसलमान माणसे आणि त्या भागातले पोलीस नियमितपणे एकत्र बसू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना, तिच्यापासून एवढ्या जवळ असूनही, भिवंडी शांत राहिली. खोपडे यांनी पुढे या अनुभवावर पुस्तकही लिहिले. समित्यांच्या यशाची कारणे समाजशास्त्रज्ञांनी तपासावीत. एका अधिकाऱ्याच्या नावाभोवतीच सारे रचण्याचा मोह तेथेही टाळायला हवा, कारण तोही पुन्हा घोडेस्वाराचाच मोह आहे. वाङ्मयाच्या दृष्टीने लक्ष वेधते ती या घटनेची कथनदृष्ट्या अनाकर्षक अशी बाजू. बैठका, चहा, नळाच्या पाण्यावरून तक्रारी, कोणाच्या तरी मुलाला समज देणे. यात एकही चौकट चित्रकाराला आकर्षक वाटणार नाही. येथे कोणाचाही चेहरा झाकलेला नाही. उलट ही व्यवस्था चालते तीच मुळी सगळे एकमेकांना चेहऱ्याने आणि नावाने ओळखतात म्हणून. चांदोबातल्या वेताळाला हे शहर अधिक ओळखीचे वाटले असते. रोज नवा प्रश्न, आणि उत्तर दिले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा झाडापासून सुरुवात.

गंमत अशी की खुद्द इंद्रजालच्याच पानांवर याच्या जवळ जाणारी एक कल्पना येऊन गेली होती. १९७६ साली आबिद सुरती यांनी ‘बहादूर’ निर्माण केला. चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची. बहादूर हा डाकू भैरवसिंगचा मुलगा. त्याचा बाप पोलिसांशी झालेल्या चकमकीत मारला जातो, आणि ज्या पोलीस अधिकाऱ्याच्या गोळीने तो मरतो तो विशालच या मुलाला वाढवतो. भगवा कुडता आणि जीन घातलेला हा तरुण जयगढमध्ये नागरिक सुरक्षा दल उभे करतो. गावातलीच माणसे त्यात असतात, पोलिसांशी त्यांचे सहकार्य असते, आणि बेला ही त्याची सहकारी स्वतः लढते. मुखवटा नाही, गुपित नाही, वंशपरंपरा असलीच तर ती नाकारण्याची. फँटमची सारी कथा बापाच्या खुनाच्या सुडातून निघते. बहादूरची कथा बापाला मारणाऱ्याच्या घरात जेवून मोठे होण्यातून. एका गुजराती-हिंदी लेखकाने अमेरिकन नायकाच्या शेजारच्या पानावर बसून त्याला इतके नेमके उत्तर दिले, आणि ते देताना उत्तर दिल्याचा आवही आणला नाही.

बहादूरमध्ये दोष नाहीत असे नाही. डाकूंच्या प्रश्नाला तो शेवटी बंदुकीचाच प्रश्न समजतो. सुरक्षा दल आणि मोहल्ला समिती यांत शस्त्र आणि संवाद एवढे अंतर आहे. आणि हिंदी चित्रपटाची सावली त्याच्या पानापानांवर पडलेली आहे. चित्रण आणि कथनाचा वेग यांत फॉकच्या मालिकेची सफाई त्याला क्वचितच साधते. तरीही बालवाचकाला त्याने एक गोष्ट दिली जी डेंकालीत नव्हती : गावाची राखण गावानेच करायची असते आणि त्यासाठी शेजाऱ्याशी बोलावे लागते.

मराठीपुरते बोलायचे तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणेही याच बाजूचा. फुरसुंगीचा बनेश फेणे, सायकल, तोंडातून निघणारा तो ‘टॉक्’ असा आवाज. त्याच्याजवळ चौकसपणाखेरीज कोणतीही शक्ती नाही. त्याला मराठीने न्याय दिला. वीस पुस्तके, १९८७ साली सुमीत राघवनची दूरदर्शन मालिका, २०१७ साली अमेय वाघचा चित्रपट. चित्रपटाने त्याला मोठा केला आणि गुन्हेगारी जगात नेऊन सोडले, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. फेणे मराठी मध्यमवर्गाचा घरचा होता म्हणून त्याची आठवण राखली गेली, आणि वेताळ भव्य होता म्हणून त्याची. बहादूर या दोहोंत कोठेच बसत नव्हता. त्याचे जयगढ चंबळच्या बाजूचे, त्याचा लेखक मराठी नव्हे, आणि त्याच्याजवळ तोंडपाठ करावे असे एकही गुपित नव्हते.

आज भिवंडीभोवतीच्या शेतांत मैलोगणती गोदामे उभी आहेत, आणि घरबसल्या मागवलेल्या वस्तू तेथून मुंबई-पुण्याकडे जातात. जुन्या कॉमिक्सचे संग्राहक इंद्रजालचे सुरुवातीचे अंक मोठ्या किमतीला घेतात, आणि ते अंक अर्थातच वेताळाचे असतात. स्मरणरंजनपर लेखांतल्या नावांच्या माळेत बहादूरचे नाव येते, नाही असे नाही. ते बहुधा मॅन्ड्रेक आणि लोथारच्या नंतर येते. बेलाचे येतच नाही.